पाहुण्यांनी ठेवलेल्या प्रार्थना

"आत्या, हे देऊळ आहे की कुणाचं घर?"

पवनारच्या टेकडीवर चपला काढता काढता धाकटा विचारतो. प्रश्न रास्त आहे. कळस दिसत नाही, हार-नारळाची दुकानं नाहीत, रांग नाही. पडवीत एक वयस्क ताई सुपातले मूग निवडत बसल्या आहेत, दुसऱ्या झाडलोट संपवून खराटा भिंतीला टेकवताहेत. खाली धाम नदीत पावसाळ्याचं पाणी अजून टिकून आहे आणि खडकांवरून जाताना त्याचा आवाज वरपर्यंत येतो.

"दोन्ही," मी सांगते.

1938 साली, प्रकृती पार ढासळलेली असताना, विनोबा इथे जमनालाल बजाजांच्या बंगल्यात राहायला आले. 25 मार्च 1959 ला त्यांनी या जागी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं, तेही स्त्रियांसाठी. साधना एकटीदुकटीने न करता मिळून करायची, आणि स्वयंपाक, शेती, साफसफाई, सगळं स्वतःच्या हातांनी. नोकरचाकर नाहीत. विनोबा 15 नोव्हेंबर 1982 ला इथेच गेले. त्यानंतरही हे घर चालू आहे, हे मुलांना सांगायची गरज पडत नाही. मूग त्यांच्या डोळ्यांसमोर निवडले जाताहेत.

दोघं पुण्याहून दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडे नागपूरला आली आहेत. थोरली अकराची, धाकटा सातचा. सुट्टीत विदर्भात आलेल्या पोरांना ताडोबाला न्यायचं, हा रिवाज. मी त्यांना वर्धा जिल्ह्यात घेऊन आले आहे, कारण इतक्या लहान टापूत इतक्या धर्मांच्या खुणा, आणि त्याही अजून वापरातल्या, मला दुसरीकडे ठाऊक नाहीत.

लहानशा मंदिरात भरत-रामाची मूर्ती आहे. दोन भाऊ एकमेकांना कवेत घेताहेत. दगड इतका झिजलाय की मिठी आधी दिसते आणि चेहरे मागून शोधावे लागतात. धाकटा नाक जवळ नेऊन बघतो. "यातला राम कुठला?" थोरली म्हणते, "ज्याला मुकुट असेल तो." मग दोघं मुकुट शोधायला लागतात आणि रामाने वनवासात मुकुट घातलेला असेल का, यावर त्यांचं जुंपतं. मी मध्ये पडत नाही. ही मूर्ती विनोबांना जमीन खणताना सापडली. त्याआधी, 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना, बाराव्या अध्यायापाशी त्यांनी लक्ष्मण आणि भरत यांचाच दाखला दिला होता: एक रामाच्या जवळ राहून भक्ती करणारा, दुसरा लांब राहून. मग त्याच भरताची मूर्ती आपल्याच कुदळीखाली लागावी, याचं त्यांना काय वाटलं असेल, ते इथे उभं राहिलं की कळतं. पवनार म्हणजे वाकाटकांच्या दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं. 1967 मध्ये नागपूर विद्यापीठाने इथे उत्खननही केलं. म्हणजे पायाखालच्या मातीत पाचव्या शतकातली एक नगरी आहे. "अजून खणलं तर अजून सापडेल?" धाकट्याचा पाय लगेच मातीत रुततो.

इतक्यात विष्णुसहस्रनाम सुरू होतं. मुलांना बाहेर खेळायला सोडावं असा विचार मनात येतो आणि जातो. आम्ही मागे भिंतीशी बसतो. पहिली काही मिनिटं धाकटा नावं मोजतो, मग नाद सोडतो, मग सतरंजीचे धागे ओढतो. थोरली मात्र ताईंच्या ओठांकडे बघत राहिली आहे. पुस्तक जवळजवळ कुणाच्याच हातात नाही. "एवढं पाठ?" ती कानात विचारते. रोज म्हटलं तर होतं, मी सांगते. देवस्थानाच्या भिंती, शिल्पं, सनावळ्या हे सगळं पुस्तकातही मिळतं. माणसं तिथे काय करतात, ते त्या वेळी तिथे बसल्याशिवाय मिळत नाही. मुलांना न्यायचं तर अशा वेळेला न्यावं, मग चार जागा कमी झाल्या तरी चालतील, असं माझं ठाम मत आहे.

पाठ संपल्यावर मघाच्या मूग निवडणाऱ्या ताई मुलांजवळ येऊन बसतात. त्यांना विनोबांची नाममाला म्हणून दाखवायची आहे. "मी म्हणते. येशूचं नाव कुठे येतं ते ओळखा," त्या अट घालतात. आता धाकट्याची चुळबुळ थांबते. नारायण येतो, बुद्ध येतो, विनायक येतो. पारशांचा मज्द आणि यहुद्यांचा यह्व मुलांच्या कानावरून निसटतात. मग येशूच्या पित्याचा उल्लेख येतो आणि दोघं एकदम हात वर करतात. पुढे रहीम, आणि त्याला लागूनच चीनचा ताओ. "हा कोण?" "तो समजायला तुला अजून वेळ आहे, मलाही आहे," ताई हसून म्हणतात.

पुस्तकांच्या मांडणीवर थोरलीला एक रांग लावता येते: कुराण-सार, ख्रिस्तधर्म-सार, धम्मपद, जपुजी. सगळ्यांवर एकच नाव. कुराण नीट वाचता यावं म्हणून विनोबा अरबी शिकले, हे ऐकून ती पुस्तक उलटं करून मागची बाजू बघते. शाळेत तिला फ्रेंच घ्यायचं की जर्मन, यावर सध्या घरात चर्चा चालू आहे.

वर्धा गावात लक्ष्मीनारायणाच्या देवळात आम्ही दुपारची बंद व्हायची वेळ गाठतो. संगमरवर, स्वच्छ ओटा, दर्शनाला मोजकी माणसं. पाहायला देऊळ चारचौघांसारखंच आहे. पण जुलै 1928 मध्ये जमनालाल बजाजांनी आपल्या घराण्याचं हे देऊळ तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुलं केलं, आणि सनातनी मंडळींचा विरोध अंगावर घेतला. मी हे सांगते, आणि थोरलीचा प्रश्न यायला वेळ लागत नाही.

"आधी का नव्हते येऊ देत?"

आजवर मुलांना धर्मस्थळी नेताना मला आलेला हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि तो टाळणाऱ्या मोठ्यांचा मला राग येतो. ओट्यावर बसून मी सांगते. आपल्याच लोकांना आपण शिवत नव्हतो. विहिरीवर पाणी भरू देत नव्हतो. देव सगळ्यांचा, असं म्हणत होतो आणि दार लावून घेत होतो. 1930 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरासाठी सत्याग्रह सुरू झाला. तो वर्षानुवर्षं चालला, तरी दार उघडलं नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या दारासाठी 1947 मध्ये साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावं लागलं. आणि बाबासाहेबांनी दारं ठोठावणं सोडून दिलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो लोकांसह बुद्धाची वाट धरली.

"दीक्षाभूमी," धाकटा म्हणतो. परवाच तिथून गाडीने गेलो होतो, तो पांढरा घुमट त्याच्या लक्षात आहे.

"मग हे एक उघडलं म्हणून सगळं बरं झालं का?" थोरली विचारते.

"नाही झालं," मी म्हणते. पुजारी पडदा ओढायला निघतात. आम्ही उठतो.

दुपारी गोपुरीला गीताई मंदिर. इथे छप्पर नाही, मूर्ती नाही, पुजारी नाही. उभ्या ग्रॅनाइटच्या शिळांवर गीताईचे अठराही अध्याय कोरलेले. 7 ऑक्टोबर 1980 ला हे खुलं झालं. विनोबांनी गीताई लिहायला घेतली तीही 1930 च्या 7 ऑक्टोबरलाच. मराठी अक्षरं असल्यामुळे धाकट्याला इथे कुणाची मदत लागत नाही. तो एकेका शिळेसमोर उभा राहून मोठ्याने वाचतो, जोडाक्षराला अडखळतो, बोट फिरवून परत वाचतो. पलीकडे जपानी भिक्षू फुजी गुरुजींच्या संकल्पातून उभा राहिलेला विश्वशांती स्तूप आहे, चार दिशांना चार बुद्ध. ऊन चढलंय, म्हणून स्तूपाला एक फेरी आणि लगेच सावली. गाडीत गोरसपाकाचा पुडा फुटतो. वर्ध्याला येऊन हे तुपातलं बिस्किट न नेणारा माणूस मी पाहिलेला नाही. पुडा सेवाग्रामपर्यंत टिकत नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापूस फुटलाय. वेचणीच्या बाया ओटीत कापूस भरून बांधाकडे येताहेत.

सेवाग्रामात शिरताना कवेलूंची छपरं आधी दिसतात. उतरती, खाली आलेली. 30 एप्रिल 1936 ला गांधीजी इथे राहायला आले तेव्हा या गावाचं नाव शेगाव होतं. गजानन महाराजांच्या शेगावाशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून 1940 मध्ये सेवाग्राम झालं. आधी सगळ्यांसाठी मिळून एकच आदिनिवास बांधला. आज बापूकुटी म्हणतात ती मुळात मीराबेनची. इंग्रज आरमारी अधिकाऱ्याच्या या लेकीने भिंतीवर मातीचा उठाव देऊन ताडाची झाडं, चरखा आणि ॐ काढलेत. शेणाने सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून थोरली ते झाड खालून वर बघते. मातीतून उठलेलं खोड, वर पसरलेल्या झावळ्या, रंग नाही, चकाकी नाही. भिंतीचीच माती थोडी पुढे आली आहे, एवढंच.

धाकट्याला मात्र साप पकडायचा चिमटा सापडलाय. लांब चिमटा आणि शेजारी पिंजरा. या माळरानावर साप फार निघत. मारायचे नाहीत असं ठरलेलं, म्हणून पकडून लांब सोडून यायचे. "आणि विषारी असला तर?" "तरीही." "आणि चावला तर?" या चिमट्यापुढून तो हलायला तयार नाही. व्हाइसरॉयशी बोलण्यासाठी बसवलेला टेलिफोन त्याच्या दृष्टीने काहीच नाही. मी त्याला घाई करत नाही. अहिंसा हा शब्द त्याने दुसरीच्या पुस्तकात वाचलाय. सापाला न मारता पकडायला किती लांब दांडा लागतो, हे त्याला इथे दिसतंय.

परचुरे कुटीपाशी दोघंही गप्प होतात. परचुरे शास्त्री संस्कृतचे पंडित. महारोग झाला म्हणून सगळीकडून तुटले आणि इथे आले. गांधीजींनी त्यांना ठेवून घेतलं आणि त्यांच्या अंगाला स्वतः मालिश करत. त्या काळी या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं. "हात लावायचे?" थोरली विचारते. रोज लावायचे.

"इथे ख्रिश्चन कुणी होतं का?" तिचा पुढचा प्रश्न. सकाळच्या नाममालेपासून ती येशूच्या मागावर आहे.

होते की. राजकुमारी अमृत कौर, कपूरथळ्याच्या राजघराण्यातल्या, ख्रिस्ती वळणात वाढलेल्या, गांधीजींच्या चिटणीस म्हणून इथे राहिल्या आणि पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री झाल्या. वर्ध्याला मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा होते, तमिळ ख्रिस्ती, ग्रामोद्योगाचं सगळं अर्थशास्त्र ज्यांनी बांधलं. त्यांनी तुरुंगात असताना येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिलं. आणि जून 1942 मध्ये अमेरिकन पत्रकार लुई फिशर इथे आठवडाभर राहिला. त्याने लिहून ठेवलंय की गांधीजींच्या मातीच्या भिंतीवर एकच चित्र होतं, येशूचं, आणि त्याखाली येशू हीच आपली शांती अशा अर्थाचे शब्द. फिशरला नवल वाटलं. तुम्ही तर ख्रिस्ती नाही, तो म्हणाला. यावर गांधीजींचं उत्तर असं की मी ख्रिस्ती आहे, हिंदू आहे, मुसलमान आहे आणि ज्यूही आहे.

"म्हणजे हे चर्चपण होतं," थोरली म्हणते. मी ते दुरुस्त करत नाही.

सहाला प्रार्थना. आकाश तांबूस होतंय. गांधीजींनी लावलेल्या पिंपळावर साळुंक्या इतका कलकलाट करताहेत की आधी तोच ऐकावा लागतो. खडी पसरलेलं मोकळं पटांगण, त्यावर पट्ट्या अंथरलेल्या. आश्रमातली माणसं, काही विद्यार्थी, हैदराबादकडचं एक कुटुंब, आम्ही. भिंत नाही, छप्पर नाही, समोर काहीच नाही. धाकटा माझ्या मांडीला टेकतो. "कुणाकडे बघायचं?" त्याला खरंच अडचण आली आहे. देवळात मूर्ती असते, स्तूपावर बुद्ध होता. "डोळे मीट," थोरली त्याला सांगते.

पहिल्यांदा उमटतो तो जपानी बौद्धांचा मंत्र. मुलांना कळत नाही, पण ताल कळतो. फुजी गुरुजी 1933 मध्ये वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथातला एक भिक्षू सेवाग्रामात राहायला आला. तो ढोल वाजवत, मंत्र म्हणत आश्रमाला फेरी घाली आणि सांगेल ते काम करी. जपान युद्धात उतरला आणि पोलिस त्याला न्यायला आले. जाताना तो मंत्र म्हणत बापूंच्या कुटीपाशी आला आणि आपला ढोल त्यांच्याकडे ठेवून गेला. तेव्हा गांधीजींनी ठरवलं, माणूस गेला तरी मंत्र इथल्या प्रार्थनेत राहील. तो अजून राहिलाय.

मग ईशावास्य, एकादश व्रतं. मग अरबी. कुराणाची पहिली सूरह, अल-फातिहा, सात छोट्या आयतांची. ही आणली रैहाना तय्यबजींनी. अब्बास तय्यबजींची ही लेक आश्रमात आली, तिचा गळा फार गोड होता, आणि तिच्या आग्रहाने फातिहा रोजच्या प्रार्थनेत आली. त्यामागोमाग पारशांची प्रार्थना. 1943 मध्ये पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये गांधीजी उपोषणाला बसले होते तेव्हा त्यांच्यासोबत बंदी असलेल्या डॉ. गिल्डरांनी ती दिली. आगाखान पॅलेस म्हटल्यावर थोरली डोळे उघडते. ते तिच्या शाळेच्या रस्त्यावर आहे.

हे सगळं मी प्रार्थनेआधी पिंपळाखाली मुलांना सांगून ठेवलंय, आणि आता एकेक भाग येतो तसा धाकटा माझा हात दाबतो. ढोलवाले काका. रैहाना. डॉक्टर. सर्वधर्मसमभाव हा शब्द मी उच्चारलेला नाही, आणि उच्चारणारही नाही. शाळेच्या भिंतीवर तो रंगवलेला असतो आणि मुलं त्याच्यापुढून डबा खायला जातात. इथे प्रत्येक प्रार्थनेला एक माणूस आहे. तो पाहुणा म्हणून आला, किंवा तुरुंगात शेजारी भेटला, आणि आपल्या घरातलं सगळ्यात चांगलं होतं ते ठेवून गेला. मुलांना माणूस लक्षात राहतो. माणसाच्या मागोमाग त्याची प्रार्थना आत येते.

आणि ही प्रार्थना फुकट टिकलेली नाही, हेही त्यांना माहीत असायला हवं. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीत, फाळणीच्या आगीत, गांधीजींच्या सभेत फातिहा सुरू झाली की माणसं उठून उभी राहत. हे इथे म्हणायचं नाही, ओरडत. गांधीजींनी फातिहा गाळली नाही. विरोध करणारा एक जरी असला तरी ते सबंध प्रार्थनाच थांबवत. माझा राम पाहिजे तर हिचीही जागा राहिली पाहिजे, ही त्यांची भूमिका. मला स्वतःला गांधीजींच्या साऱ्या आयुष्यातली ही सगळ्यात धैर्याची गोष्ट वाटते. आजच्या दिवसांत तर अधिकच.

शेवटी भजन आणि धून. टाळ्यांवर धाकटा पुरता जागा होतो. आश्रम भजनावलीत न्यूमनचं 1833 सालचं इंग्रजी स्तोत्रही आहे, अंधारात वाट दाखवणाऱ्या प्रकाशाचं, गांधीजींना अतिशय प्रिय. आज ते होत नाही. थोरली उठताना म्हणते, "येशू आज नाही आला." नाताळात नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला नेईन, तिथे ऐकू, असं मी कबूल करते. ती तारीख विचारते आणि डोक्यात टिपून ठेवते.

रात्री यात्री निवासात ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी. ड्रायव्हर दादा ओसरीवरून सांगतात, "ताई, गिरडले जायचं असन तं सक्काळीच निघू. मंग ऊन होते, पोट्टे चढत नाहीत."

सकाळी जाम चौरस्ता मागे टाकून समुद्रपूर, मग गिरड. टेकडीवर बाबा फरीदांचा दर्गा. पायथ्याशी चादरी, गुलाब, रेवड्या, उदबत्त्या. पंजाबातल्या पाकपट्टणचे तेराव्या शतकातले सूफी संत शेख फरीद, ज्यांची वचनं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांच्याशी लोक ही जागा जोडतात. पायऱ्या चढणाऱ्यांत कपाळाला कुंकू लावलेल्या बाया आहेत आणि बुरख्यातल्याही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरनेही नेमकं हेच टिपून ठेवलंय, की हिंदू आणि मुसलमान दोघांचीही इथे सतत रीघ असते.

पण मुलांचं लक्ष वर नाहीच. ती टेकडीच्या उतारावर वाकून गोटे बघताहेत. गोल, सुपारीएवढे, लिंबाएवढे, हिरवट काळ्या सालीचे.

"हे नारळ-सुपारीच होते पूर्वी," रेवडीवाला सांगतो. दोन व्यापारी इथून माल घेऊन चालले होते. त्यांनी फकिराची टिंगल केली. सगळा माल दगड झाला. मग ते पायांवर पडले, तेव्हा बाबांनी सुकल्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. त्यावर व्यापारी धंदा विसरले आणि इथेच सेवेला राहिले.

धाकट्याच्या तळहातावर एक फुटका गोटा आहे. साल नखाने खरवडली तर हिरवी भुकटी निघते. आत पांढरे, बारीक सुयांसारखे स्फटिक मधल्या एका बिंदूपासून चहूकडे गेलेत. मी दुसरी गोष्टही सांगते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला. त्यात वायूचे बुडबुडे अडकले. लाव्हा गोठला, बुडबुड्याची पोकळी राहिली. मग तिच्यात पाणी झिरपत राहिलं आणि पाण्यातल्या क्षारांचे थर आत जमत गेले. याला झिओलाइट म्हणतात. भोवतीचा खडक झिजला की गोटा सुटून बाहेर पडतो.

"मग व्यापाऱ्यांची गोष्ट खोटी?" थोरली.

"दगड कसा झाला, त्याची नाही ती गोष्ट. टिंगल केलेल्या माणसाने परत माल भरून दिला, त्याची आहे."

ती थोडा वेळ चालते. "दोन्ही लक्षात ठेवते," म्हणते.

वर आवारात लोबानाचा धूर, मोरपिसांचा झाडू डोक्यांवरून फिरतोय. कडेच्या ओट्यावर हिंगणघाटचं एक कुटुंब, नातवाच्या नवसाचं. घरातले थोरले हात पसरून पढायला लागतात. धाकटा रेवडी तोंडात टाकायच्या बेतात आहे. त्याचा हात तसाच राहतो.

"आत्या, रैहाना!"

आवाज मोठाच निघतो. आजूबाजूची माणसं वळून बघतात. थोरलीनेही ओळखलंय. कालचीच सूरह, फक्त इथे सूर वेगळा आणि गती जास्त. पठण संपल्यावर त्या घरातली आजी आम्हाला हाताने जवळ बोलावते.

"कोण रैहाना, बेटा?"

मग धाकटाच सांगतो. सेवाग्राम, पिंपळ, गोड गळ्याची रैहाना, ढोलवाले काका. मध्ये साप पकडायचा चिमटाही येऊन जातो. आजी सगळं ऐकून घेते. वर्ध्याला तिची माहेरची माणसं आहेत, सेवाग्रामच्या दवाखान्यात तिचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पण तिथे रोज संध्याकाळी फातिहा होते हे तिला ठाऊक नव्हतं. ती मुलाला आणि सुनेला परत एकदा सांगते, जणू त्यांनी ऐकलं नसावं. मग थोरलीला विचारते, "तुले येते का?"

थोरली माझ्याकडे बघते. मी मान हलवते. ती पहिले शब्द म्हणते, कालच्या संथ चालीत, आणि अडते. आजी पुढचा शब्द देते. ती म्हणते. आजी तिच्या घशाशी बोट नेऊन दाखवते, आवाज तिथून काढ. तिचा नातू हसतो, आजी त्याला दटावते. परत पहिल्यापासून. धाकटा ओट्यावर गोटे मांडत एकेक शब्द मागून म्हणतोय. सूनबाई आमच्यासाठी कागदावर मलिदा वाढते.

खालून ड्रायव्हर दादांचा हॉर्न वाजतो. सातांपैकी तीन आयता थोरलीला आल्यात. चौथीवर आजी तिला सोडायला तयार नाही, आणि तीही उठायला.